अंगठा गेला तर पंचवीस टक्के

१८८४ सालच्या सप्टेंबर महिन्यात, २३ आणि २६ तारखेला, मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या दोन मोठ्या सभा भरल्या. सभा बोलावल्या होत्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक आणि त्याआधी स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी एक अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या पडल्या. अर्जात पाच मागण्या होत्या. आठवड्यातून रविवारी सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत हातात पडावा, या पहिल्या चार. पाचवी मागणी अशी होती की, कामावर असताना ज्याला गंभीर दुखापत होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या उपजीविकेची योग्य सोय व्हावी.

लोखंडे यांचे नाव आज निघते ते रविवारच्या सुट्टीसाठी, आणि ते योग्यच आहे. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टीसाठी सहा वर्षे लागली. पाचव्या मागणीचा मात्र पहिला, तोही अर्धामुर्धा, उच्चार कायद्यात व्हायला चाळीस वर्षे लागली. तोवर लोखंडे हयात नव्हते. १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगच्या साथीत ते गेले.

ही पाचवी मागणी कुठून आली हे कळायला त्या काळातल्या गिरणीच्या आत डोकवावे लागते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. तेव्हाच्या गिरणीत प्रत्येक यंत्राला वेगळी मोटर नसे. एका मोठ्या वाफेच्या इंजिनावर छताखालून जाणारा लांबलचक लोखंडी दांडा फिरे आणि त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक साच्याकडे, म्हणजे मागाकडे, प्रत्येक यंत्राकडे उतरत. पट्टा निसटला तर इंजिन थांबवत नसत, कारण ते थांबले की सगळे खाते थांबे. कुणीतरी फिरत्या चाकावर हातानेच पट्टा चढवी. धोतराचा सोगा, पदर, केस, बोटे, काहीही त्यात अडके. साचेखात्यात लाकडी धोटा सुटून उडाला की समोरच्याचा डोळा जाई. कातणखात्यात चालू यंत्राखालचा कापूस झाडायला लहान मुले शिरत.

१८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घेण्यास बंदी केली, धोकादायक यंत्रांना कुंपण घालायला सांगितले आणि अपघात झाला की सरकारला कळवायचे बंधन मालकावर टाकले. हा कायदा शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. मात्र अपघात कळवणे वेगळे आणि त्याचे पैसे देणे वेगळे. जखमीला जे. जे. रुग्णालयात पोचवले की मालकाचे कर्तव्य संपले, असाच रिवाज होता. एखादा भला मॅनेजर चार पैसे देई. ते त्याच्या मर्जीवर असे. हात गेलेला माणूस बहुतेक वेळा कोकणात किंवा घाटावर गावी परते आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राही.

कोर्टाचा रस्ता कागदावर उघडा होता. १८५५ मध्येच हिंदुस्थानात एक कायदा झाला होता: दुसऱ्याच्या चुकीमुळे माणूस मेला तर त्याच्या वारसांना दिवाणी दावा लावता येईल. चूक सिद्ध करायची ती मात्र विधवेने. त्यातच इंग्रजी कायद्याची छाया होती. १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या गाडीवरचा पोऱ्या, जास्त माल भरलेली गाडी मोडल्याने जखमी झाला. त्याने मालकावर दावा लावला आणि हरला. त्या निकालातून पुढे असे तत्त्व घट्ट झाले की, सोबतच्या नोकराच्या चुकीने नोकराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही. त्यालाच आणखी दोन बचाव जोडले गेले: कामगाराची स्वतःची थोडी जरी चूक असली तरी दावा बाद, आणि धोका ठाऊक असून काम पत्करले म्हणजे धोकाही पत्करला. या तिन्ही भिंती ओलांडून जाणारा कामगार विरळा. ज्याला महिन्याचा पगारच पुढच्या महिन्याच्या अखेरीस मिळतो तो वकील कुठून आणणार?

लोखंडे यांचा अर्ज तयार झाला त्याच वर्षी, सभांच्या अडीच महिने आधी, जर्मनीत या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले होते. ६ जुलै १८८४ च्या बिस्मार्कच्या कायद्याने अपघात विमा सक्तीचा झाला. एका धंद्यातल्या सगळ्या मालकांनी मिळून मंडळ करायचे, वर्गणी फक्त मालकांनी भरायची, धंदा जितका धोक्याचा तितकी वर्गणी जास्त. चूक कुणाची हा प्रश्नच विचारायचा नाही. पहिले तेरा आठवडे आजारपणाच्या फंडातून मदत, त्यानंतर पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या दोन तृतीयांश इतके निवृत्तिवेतन. बिस्मार्कला समाजवाद्यांची हवा काढायची होती, हे त्याने लपवले नाही. पण हेतू काहीही असो, अपघात हा यंत्रयुगाचा खर्च आहे आणि तो मालाच्या किमतीतच धरला पाहिजे, हा विचार त्या कायद्याने रूढ केला. मुंबईच्या कामगारांनी बर्लिनची बातमी ऐकून मागणी केली असे म्हणायला काही आधार नाही. उलट दोन ठिकाणी, दोन टोकांच्या माणसांना, एकच गोष्ट एकाच वर्षी दिसली होती.

ब्रिटनने १८९७ मध्ये निराळी वाट धरली. चूक सिद्ध करण्याची अट तिथेही गेली, परंतु मंडळ नाही, सक्तीचा विमा नाही. भरपाई ज्या त्या मालकाने आपल्या खिशातून द्यायची. विमा काढायचा की नाही हे त्याने ठरवायचे. हिंदुस्थानात पुढे जे आले ते याच वाटेने आले, आणि त्याचे परिणाम मुंबईने तीस वर्षे भोगले.

पहिल्या महायुद्धानंतर वारे बदलले. १९१९-२० मध्ये मुंबईत मोठे संप झाले, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि १९२० च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतच आयटक या कामगार महासंघाची पहिली परिषद भरली. १९२१ पासून केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे नेमलेले प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी बसू लागले. सोशल सर्व्हिस लीगमुळे चाळीतल्या घरांची त्यांना चांगली माहिती होती. १९२३ च्या मार्चमध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. भारतात सामाजिक विम्याच्या दिशेने टाकलेले हे पहिले पाऊल. आणि या कायद्याचे परिशिष्ट वाचताना आजही अंगावर काटा येतो.

कारण त्यात माणसाच्या शरीराचा तक्ता आहे. उजवा हात कोपराशी किंवा वर तुटला तर कमावण्याची ताकद सत्तर टक्के गेली असे धरायचे. डावा हात तसाच तुटला तर साठ. पाय गुडघ्याशी किंवा वर गेला तर साठ, गुडघ्याखाली पन्नास. दोन्ही कान पूर्ण गेले तर पन्नास. एक डोळा तीस. अंगठा पंचवीस. तर्जनी दहा. बाकीचे कोणतेही बोट पाच.

या टक्क्यांना पैशाचे रूप देऊन पाहावे. कायद्याप्रमाणे प्रौढ कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातले जे कमी असेल ते वारसांना मिळे. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, इथेही जे कमी ते. समजा महिना तीस रुपये मिळवणारा विणकर आहे. तो मेला तर घरच्यांना ९०० रुपये. त्याचा अंगठा गेला तर १,२६० रुपयांच्या पंचवीस टक्के, म्हणजे ३१५ रुपये, एकदाच. अल्पवयीन मुलगा कामावर मेला तर आईबापांना दोनशे रुपये. हाड मोडून घरी पडलेल्याला अर्धा पगार, तोही पहिले दहा दिवस सोडून. दहा दिवसांच्या आत जो उठून कामावर आला त्याला काहीच नाही. लोखंडे यांनी बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. चाळीस वर्षांनी अर्धा मिळाला, आणि तो दहा दिवस उशिराने.

तक्त्यात जे नव्हते तेही बोलके आहे. साचेखात्याच्या गडगडाटात वीस वर्षांत हळूहळू येणारे बहिरेपण हा ‘अपघात’ नव्हता. कापसाची धूळ छातीत बसून येणारा दमा तर कुठेच नव्हता. मूळ कायद्याने व्यवसायजन्य रोगांच्या यादीत अँथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा एवढेच घेतले. ज्या शहरात लाखाच्या घरात माणसे कापसात राबत होती त्या शहराचा स्वतःचा रोग यादीबाहेर राहिला. बिसिनोसिस या नावाने तो भारतीय कायद्याच्या यादीत यायला अनेक दशके गेली, आणि केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी गिरणी कामगारांच्या छात्या तपासून त्याचे गांभीर्य नोंदवले.

तरीही या कायद्यातली काही कलमे मालकाचा आणि कामगाराचा स्वभाव ओळखून लिहिलेली आहेत. मृत्यूची भरपाई मालकाने थेट विधवेच्या हातात देऊ नये, ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरकडेच जमा करावी. परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरले जाणार नाहीत. हे का, ते चाळीत राहिलेल्या कुणालाही समजेल: शंभर रुपये हातावर ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा घेणे किती सोपे होते! भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार मुळातच रद्द. काम ठेकेदाराकडून करून घेतले तरी ते मूळ मालकाच्या धंद्याचाच भाग असेल तर जबाबदारी मूळ मालकाचीही. नंतर मूळ मालकाने ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करावी, ते त्या दोघांचे प्रकरण. कामगार दारू पिऊन होता किंवा त्याने जाणूनबुजून सुरक्षेचे साधन काढून टाकले, असे बचाव मालकाला मिळाले, पण पुढे, मृत्यू झाला असेल तर, तेही चालेनासे झाले.

अडले कुठे, तर अंमलबजावणीत. गावाकडच्या आईबापांना असा काही कायदा आहे हेच ठाऊक नसे. कुटुंब रत्नागिरीत किंवा साताऱ्यात, अपघात परळला आणि कमिशनर फोर्टात. ना. म. जोशी ज्याचे सदस्य होते त्या कामगारविषयक रॉयल कमिशनने या उणिवांवर बोट ठेवले. १९३३ मध्ये कायदा दुरुस्त झाला, तेव्हा दहा दिवसांची वाट सात दिवसांवर आली आणि कामावर मृत्यू झाल्याचे मालकाने स्वतःहून कमिशनरला कळवावे, वारसांकडून तक्रार येण्याची वाट पाहू नये, अशी व्यवस्था आली. या दुरुस्तीचे मोल फार मोठे आहे. तोपर्यंत मालकाचे कर्तव्य मागितले तरच जागे होत होते.

विमा सक्तीचा नसल्याने एक विचित्र विषमता तयार झाली. मुंबईच्या मोठ्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन आपली परस्पर विमा संस्था काढली आणि धोका वाटून घेतला. ज्याला हे परवडत नव्हते, तो छोटा जिनिंगवाला किंवा छापखानावाला, एका मोठ्या अपघाताने बुडू शकत होता. आणि बुडालेल्या मालकाकडून भरपाई कशी मिळणार? बदली कामगाराचेही असेच. कायद्याने तो भरपाईला पात्र होता, कारण तो गिरणीचेच काम करत होता. पण सकाळी गेटवर जॉबरने, म्हणजे मुकादमाने, बोट दाखवून आत घेतलेल्या माणसाचे नाव त्या दिवशीच्या हजेरीपटावर चढले होते की नाही, यावर त्याच्या बायकोमुलांचे सगळे भवितव्य ठरे. भरपाईच्या कित्येक भांडणांचे मूळ पाहिले तर ते याच वहीत सापडते.

बदल घडला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४२ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. पुढच्या वर्षी सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितले. १५ ऑगस्ट १९४४ रोजी आडारकरांनी अहवाल दिला. तो प्रामुख्याने आजारपणाच्या विम्याचा होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दोन तज्ज्ञांनी, स्टॅक आणि राव यांनी, तो तपासला आणि सुचवले की बाळंतपणाचा आणि कामावरील दुखापतीचा विमाही त्यातच आणावा. १९४८ च्या एप्रिलमध्ये राज्य कामगार विमा (ईएसआय) कायदा झाला तो या एकत्रित रूपात. ब्रिटनची १८९७ ची वाट सोडून भारत अखेर बर्लिनच्या वाटेला लागला: वर्गणी आधी, अपघात नंतर, आणि पैसे द्यायचे ते मालकाने नव्हे, मंडळाने.

कायदा झाला, पण योजना सुरू व्हायला चार वर्षे गेली. कानपूर आणि दिल्लीपासून सुरुवात करायची ठरले, तेव्हा तिथल्या कारखानदारांनी हरकत घेतली. आम्हीच वर्गणी भरायची आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी भरायची नाही, तर आमचा माल महाग पडेल, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. तोडगा निघाला तो फार शहाणपणाचा होता. १९५१ च्या दुरुस्तीने देशभरातल्या सगळ्या पात्र कारखानदारांवर वर्गणी बसली. जिथे योजना सुरू झाली तिथे पगाराच्या एकूण रकमेवर सव्वा टक्का, जिथे अजून सुरू व्हायची होती तिथे पाऊण टक्का. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झाले आणि मानद विमेदार म्हणून पहिले नाव त्यांचेच नोंदले गेले. मुंबईत योजना १९५४ मध्ये आली. इथे खासगी डॉक्टरांना पॅनेलवर घेतले गेले, त्यामुळे ‘पॅनेल डॉक्टर’ हा शब्द लालबाग-परळच्या घराघरांत रुळला. पुढे वरळी, परळ, मुलुंड, कांदिवली इथे कामगार विमा रुग्णालये उभी राहिली. गिरणगावच्या एका पिढीच्या तोंडी दवाखाना म्हणजे ‘ईएसआयचा’ दवाखाना.

मालकाचे काम या कायद्याने बदलले. आता त्याने भरपाई मोजायची नाही, पण तीन गोष्टी चोख करायच्या. कामगाराला घेतले की त्याचे नाव नोंदवायचे. स्वतःचा आणि कामगाराचा, दोघांचाही हिस्सा आधी आपण भरायचा; कामगाराचा वाटा पगारातून कापता येतो, मालकाचा वाटा मात्र कोणत्याही मार्गाने कामगाराच्या गळ्यात टाकता येत नाही. आणि अपघात झाला की वहीत नोंद करून मंडळाला कळवायचे. कामगार दुखापतीने घरी असताना त्याला कामावरून काढायचे नाही, हेही त्याच कायद्यात होते. पगारातून कापलेला हिस्सा न भरता ठेवून घेणे म्हणजे गुन्हेगारी स्वरूपाचा विश्वासघात, असे दंडसंहितेत १९७५ मध्ये स्पष्टपणे घातले गेले. इतर लाभांसाठी काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते. दुखापतीचे संरक्षण पहिल्या दिवसापासून, पहिल्या तासापासून असते. मालकाने वर्गणी थकवली म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही. मंडळाने कामगाराला द्यायचे आणि मालकाकडून वसूल करायचे.

दरम्यान न्यायालये एका वेगळ्याच प्रश्नाशी झगडत होती: कामावर म्हणजे नेमके कुठे? मुंबईतला एक खटला या बाबतीत देशभर उद्धृत होतो. २० जुलै १९५७. बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरी डेपोत काम संपवून सांताक्रूझला घरी जायला बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. अंधेरीला, घोडबंदर रस्त्यावर इर्ला पुलाजवळ, वाकड्या उभ्या असलेल्या लॉरीवर बस आदळली. सहा दिवसांनी तो रुग्णालयात वारला. विधवेने दावा केला. काम संपले होते, म्हणून कमिशनरने तो फेटाळला. उच्च न्यायालयाने मान्य केला आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो कायम ठेवला. बहुमताचा युक्तिवाद मुंबईकराला लगेच पटेल असा आहे. चालकांना गणवेशात बसमधून फुकट प्रवासाची सवलत दिली जाते ती सेवा सुरळीत चालावी म्हणून. इतक्या पसरलेल्या शहरात चालकाने वेळेवर पोचणे हा नोकरीचाच भाग. कारखान्याला जसे आवार असते तसे बेस्टला सगळे शहर.

पण हा निकाल सर्वांना लागू झाला नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कामगाराचा दावा नाकारला. पाळी सुरू व्हायच्या पंधरा मिनिटे आधी तो सायकलवरून कारखान्याकडे निघाला होता आणि एक किलोमीटर अलीकडे त्याच्याच कंपनीच्या लॉरीने त्याला धडक दिली होती. रस्ता सार्वजनिक होता, म्हणून तो ‘कामावर’ नव्हता. हा निकाल माणुसकीच्या दृष्टीने खटकणारा होता, आणि संसदेलाही तसेच वाटले असावे. २०१० च्या दुरुस्तीने घर आणि कामाचे ठिकाण यांमधला प्रवासातला अपघात विमा योजनेत आला.

तक्त्याच्या टक्क्यांवरही न्यायालयाने एकदा जोरदार प्रहार केला. ओरिसातल्या जेपूर गावी १९६८ मध्ये एक सुतार चित्रपटगृहात सजावटीचे काम करताना पडला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की, तक्त्यात डाव्या हाताचे जितके टक्के तितकेच द्यायचे. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, एका हाताने सुतारकाम होते का? होत नसेल तर त्याची कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली. शिवाय भरपाईचे देणे कमिशनरने रक्कम ठरवली तेव्हापासून नव्हे, तर अपघाताच्या दिवसापासून लागते, म्हणून तेव्हापासूनचे व्याज आणि दंडही मालकाने भरावा. शरीराच्या तुकड्यांची किंमत करण्याची रीत या एका निकालाने माणसाच्या हुन्नराकडे वळवली. भारतातल्या भरपाईच्या इतिहासातला हा सर्वांत न्याय्य क्षण आहे.

ज्यांना एक ठरावीक मालकच नाही त्यांचे काय, हा प्रश्न महाराष्ट्राने इतरांच्या आधी हाताळला. मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडींसाठी अण्णासाहेब पाटील लढले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. माल कुणाचाही असो, मजुरीवर लेव्ही भरायची ती मंडळाकडे, आणि सोयीसवलती मंडळाकडून. हजेरीपट मालकाकडून काढून मंडळाकडे आणण्याचाच हा प्रकार.

१९८२ चा गिरणी कामगारांचा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या आणि कामगार विमा रुग्णालयांच्या भोवतीचे कामगारच हटले. यंत्रे मात्र दुसरीकडे गेली: भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर, आणि पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पत्रे दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर. प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय यंत्र खाली येऊ नये अशी रचना करता येते. उत्पादन वाढवण्यासाठी एक बटण कायमचे दाबून बांधले की बोटे जातात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था हरियाणा आणि महाराष्ट्रातल्या वाहन उद्योगातल्या अशा जखमींची नोंद ठेवते. अनेक कामगारांचे विमा कार्ड अपघात झाल्यावर निघते, हे तिच्या अहवालांतून पुढे आले आहे. म्हणजे वर्गणी कामगारासाठी नव्हे, अपघातासाठी भरली जाते. नाव आधी नोंदवले असते तर फरक काही रुपयांचा पडला असता. १ जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के इतका खाली आला आहे. त्याआधी वीसहून अधिक वर्षे तो ४.७५ आणि १.७५ होता. इतक्या कमी खर्चात चुकवेगिरी करणे याला गरिबीचे कारण देता येत नाही.

दुखापतीने घरी बसलेल्या विमेदाराला आज पगाराच्या नव्वद टक्के मिळतात आणि पूर्ण अपंगत्व आले तर तेवढेच जन्मभर. अंगठ्याचे टक्के आता तीस आहेत, एका डोळ्याचे चाळीस. २०१७ पासून विम्याची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे. त्याबाहेरच्यांसाठी १९२३ चाच कायदा नाव बदलून चालत आला: चाळीस वर्षांचा माणूस मेला तर निम्मा पगार गुणिले १८४.१७. मात्र हिशेबासाठी पगार धरायचा तो २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० रुपये, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. खरा पगार कितीही असला तरी त्याच्या वर मोजायचे नाही. ही मर्यादा अन्यायाची आहे आणि ती उठली पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ व १९४८ या दोन्ही कायद्यांची जागा तिने घेतली. धोकादायक कामात एकच माणूस असला तरी विमा लागू करण्याची तरतूद तिच्यात आहे, घर ते कामाचे ठिकाण हा प्रवासही तिने धरला आहे. तक्ते आणि कलमांचे आकडे बदलतील, मालकाची पहिली जबाबदारी तीच राहील. ज्यांचे वर्कशॉप आहे, यंत्रमाग आहे, दहा माणसांचे दुकान आहे, त्यांनी माणसाला यंत्रापुढे उभे करण्याआधी, त्याच दिवशी, त्याचे नाव नोंदवावे आणि विमा क्रमांक त्याच्या हातात द्यावा. काम ठेक्यावर दिले असेल तर ठेकेदाराच्या माणसांच्या नोंदणीचे कागद काम सुरू होण्याआधी मागून पाहावेत. ठेकेदार पळाला तर जखमी माणूस मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो, आणि हे १९२३ पासून कायद्यात आहे.